बॅटरी नवी, अल्टरनेटर दुरुस्त, तरी गाडी बसतेच? आधी अर्थिंग मोजा

आमच्या घरी १९९७ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी नवी घेतली होती, आता बहुतेक मीच चालवते. दोन पावसाळे तिची एकच तक्रार होती. सकाळी चावी फिरवावी तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) ओढत ओढत फिरायचा, कधी नुसतं 'टक्' करून गप्प बसायचा. दीड वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) खोलून कार्बन आणि बेअरिंग बदलून आणला. सेल्फही उतरवून तपासून झाला. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे जायचे आणि पुन्हा शेजारच्या मुलांना हाक मारून धक्का. दोष सापडला तो अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या बॅटरीच्या मायनसकडे परतण्याच्या वाटेत: इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या वीतभर पट्टीत. तो शोधायला एक साधा मल्टिमीटर आणि रविवारची एक दुपार पुरली. जुनी गाडी वापरणाऱ्या कितीतरी जणांचे पैसे याच जागी वाया जाताना मी पाहिलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी लक्षणं. सकाळी सुरू न होणं सगळ्यांना दिसत होतं, पण खरे धागे दुसरीकडेच होते आणि ते मी बराच काळ एकमेकांना जोडले नव्हते. एकदा कराडहून परत येताना कुंभार्ली घाटात रात्र झाली. पाऊस, काचेवर वाफ, म्हणून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर तिन्ही चालू. वळणावर गाडी हळू झाली की हेडलाइट पिवळे पडायचे आणि वायपर मध्येच रेंगाळायचा. ॲक्सिलरेटर दिला की थोडं उजळायचं. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र पूर्ण विझलेला. त्यामुळे चार्जिंग ठीक आहे असं मी धरून चालले.

दुसरा धागा क्लचचा. त्याच काळात क्लचची केबल वर्षात दोनदा बदलावी लागली. काढलेली केबल हातात घेतली तर वरचं प्लास्टिक एका जागी मऊ होऊन चिकटलेलं आणि आतली तार जाम. 'हल्ली माल हलका येतो' असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि मलाही ते पटलं. माल हलका नव्हता. सेल्फ मारताना लागणारा करंट इंजिनातून बॉडीकडे जायला नीट वाट नव्हती, म्हणून तो मिळेल त्या धातूच्या वाटेने जात होता, आणि त्यातली एक वाट क्लचच्या केबलची होती. जुन्या गाडीत क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल विनाकारण कडक होत असेल, वितळत असेल, सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि अर्थिंग बघा.

गॅरेजमध्ये हे का सापडलं नाही, तेही सांगते. तिथे इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, १३.९ व्होल्ट दिसले, 'चार्जिंग ओके आहे ताई' म्हणून बॉनेट बंद. आकडा खोटा नव्हता. फक्त त्या वेळी एकही दिवा चालू नव्हता. करंट कमी असतो तेव्हा खराब जोडही चांगला दिसतो. सोपा हिशोब आहे: एखाद्या जोडात ०.०३ ओहमचा अडथळा असेल, तर ५ अँपिअरला तिथे ०.१५ व्होल्ट हरवतात, मीटरवर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच अडथळा, पण करंट २५ अँपिअर झाला की ०.७५ व्होल्ट गेले. सेल्फ ८० अँपिअर मागतो तेव्हा २.४ व्होल्ट गेले, आणि बारामधले अडीच गेल्यावर सेल्फ ओढणारच. म्हणून व्होल्टेजची तक्रार असलेली गाडी नेहमी लोड टाकून, म्हणजे दिवे-ब्लोअर लावून किंवा सेल्फ मारून, तपासायची.

इथेच आणखी एक गैरसमज. मल्टिमीटरवर बीप वाजला म्हणजे वायर चांगली, असं बरेच जण धरतात. विणलेल्या पट्टीतली एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. ओहमच्या स्केलवर मोजायलाही जाऊ नका, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा शोधायच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. जाड केबलची परीक्षा करंट वाहत असताना, तिच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजूनच होते. चांगल्या केबलच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे.

आता क्रमाने. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा. पाना चुकून बॅटरीच्या प्लसवरून बॉडीला टेकला तर काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस हे विसरत नाही.

पहिलं माप निवांत बॅटरीचं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता. पूर्ण भरलेली लेड ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेला असं समजा, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. आत्ताच गाडी फिरवून आणली असेल तर हे माप घेऊ नका, आकडा फुगलेला येतो. थांबायला वेळच नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. प्रोब टेकवताना तो बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, वर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. खुंट आणि क्लॅम्प यांच्यातल्या मळातच कित्येकदा दोष असतो, आणि क्लॅम्पवर मोजलं तर तो झाकला जातो.

माझ्या गाडीत सकाळी १२.१. दोन दिवसांआधी दुकानातून पूर्ण चार्ज करून आणलेली बॅटरी. म्हणजे एकतर रात्री कुठेतरी गळती होती, नाहीतर दिवसा चार्जच होत नव्हती.

गळती आधी तपासली, कारण ती सोपी. बॅटरीची मायनस केबल काढायची, मीटर १० अँपिअरच्या स्केलवर ठेवून, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घालून, केबल आणि खुंट यांच्यामध्ये लावायचा. या वेळी चावी बंद, दारं बंद, आतला दिवा बंद. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा विचारही करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या कार्ब्युरेटर गाडीत घड्याळ आणि टेपची मेमरी सोडली तर चावी बंद असताना जागं असणारं काही नसतं, त्यामुळे ५० मिलिअँपिअरच्या आतच आकडा यायला हवा. माझा २० आला. म्हणजे गळती नाही.

तुमचा आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा खाली पडतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. २०० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला त्याचे ४.८ अँपिअर-तास होतात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात संपते. नंतर बसवलेला टेप, रिव्हर्स हॉर्न, अलार्म यांवर आधी संशय घ्या. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, कारण ती फ्यूज बॉक्समधून जातेच असं नाही. शेजारच्या काकांच्या झेनमध्ये हेच निघालं. अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत होता. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला किंचित कोमट लागला तेव्हाच मला शंका आली होती, बाकी इंजिन गार होतं.

माझ्याकडे गळती नव्हती, म्हणून सेल्फकडे वळले. इंजिन सुरू न होता फक्त फिरावं म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवली. बाबा आत बसले, मी बॉनेटपाशी. मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर.

"बाबा, मारा सेल्फ."

"किती वेळ?"

"मी बास म्हणेपर्यंत. चार-पाच सेकंदच."

सेल्फ कण्हत फिरला आणि मीटर १०.९ वर थांबला. खरं सांगायचं तर मला तो ८-९ वर कोसळेल असं वाटलं होतं. सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर, किंवा सेल्फच आतून जाम होऊन भरमसाट करंट ओढतोय. पण बॅटरी १०.९ वर निवांत आणि सेल्फ मात्र मरगळलेला, याचा अर्थ बॅटरीकडे ताकद आहे आणि ती सेल्फपर्यंत पोचत नाही. हा एक आकडा मी आधी घेतला असता तर दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले असते.

मग पोचत का नाही ते शोधायचं. एक प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूवर. मी एक्झॉस्टजवळचा बोल्ट खरवडून घेतला. बाबांनी सेल्फ मारला. २.४ व्होल्ट.

तिथे ०.२ च्या आत यायला हवं होतं. प्लसच्या बाजूनेही मोजलं, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत, तिथे ०.३, म्हणजे जवळपास ठीक. सगळा घोटाळा अर्थच्या वाटेवर होता. ती वाट तुकड्या-तुकड्याने मोजली. मायनस खुंट ते बॉडी ०.१. बॉडी ते इंजिन २.३. सापडला.

गाडीखाली टॉर्च घेऊन शिरले. बॉडीपासून गिअरबॉक्सला येणारी विणलेली तांब्याची पट्टी होती. वरून मळकट पण धड दिसत होती. बोल्टजवळ नखाने दाबली तर आत हिरवी भुकटी, आणि तारा काडीसारख्या तुटायला लागल्या. लगच्या (टोकाला बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी जेमतेम सहा-सात तारा टिकून होत्या.

असं का झालं तेही तिथेच उलगडलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाडी आमच्या अंगणात बॉनेटपर्यंत बुडाली होती. नंतर इंजिन, ब्रेक, सीट सगळं साफ करून घेतलं. तेव्हाच बॅटरीची मायनस केबल खराब झाली म्हणून बाजारात मिळणारी तयार केबल बसवली गेली. जुन्या केबलला दोन फाटे होते, एक बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला. नव्या केबलला एकच टोक होतं, ते बॉडीला आवळलं. त्या दिवसापासून सेल्फचा सगळा भार या एका जुन्या पट्टीवर आला, आणि पट्टीच्या विणीत पुराचा गाळ बसलेला. विणलेली तार पाणी धरून ठेवते, आतून कुजत जाते आणि वरून काही दिसत नाही. वर्ष-दीड वर्ष काही जाणवलं नाही, पुढे हळूहळू बॅटरीवर खापर फुटायला लागलं. पुरात उभी राहिलेली किंवा समुद्राजवळ वापरली जाणारी जुनी गाडी तुमच्याकडे असेल तर ही पट्टी तपासायला तक्रार येण्याची वाट पाहू नका.

पण दुरुस्तीआधी चार्जिंगही मोजून घेतलं, कारण दोन दोष एकत्र असणं जुन्या गाडीत नेहमीचंच. कॉइलची वायर परत लावून इंजिन चालू केलं. हाय बीम, ब्लोअर, वायपर सगळं चालू. अल्टरनेटरची मागची जाड वायर आणि त्याचंच अंग यांच्यामध्ये १४.१. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, उगाच खोलला गेला. त्याच क्षणी बॅटरीवर १२.८. मधले १.३ व्होल्ट कुठे गेले? इंजिन ते मायनस खुंट ०.८, आणि अल्टरनेटरची वायर ते प्लस खुंट ०.५. हिशोब तंतोतंत जुळला. १२.८ वर बॅटरी चार्ज होतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि तिची क्षमता कायमची उतरते, माझी पहिली बॅटरी तशीच गेली.

लाल दिव्याबद्दल इथे सांगायला हवं, कारण त्याने मला सर्वात जास्त फसवलं. त्या दिव्याचं एक टोक चावीमार्फत बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं अल्टरनेटरला असतं. दोन्हीकडे सारखे व्होल्ट झाले की दिवा विझतो. अर्थिंगचा दोष या दोन टोकांच्या मधे येतच नाही, म्हणून इंजिनचं अर्थ कितीही सडलं तरी दिवा विझलेलाच राहतो. उलट रात्री लाइट लावल्यावर तो अगदी मंद तांबूस दिसत असेल, तर प्लसच्या वायरीत अडथळा आहे किंवा डायोड गेला आहे असा संशय घ्या. आणि चावी लावल्यावर दिवा पेटतच नसेल तर त्याचा बल्ब बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो, बल्ब गेला तर आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता इंजिन मंद फिरत असताना) चार्जिंगच सुरू होत नाही.

दुरुस्ती मापांपेक्षा सोपी निघाली. आधी मायनस सोडली, मग प्लस. जोडताना उलट, मायनस शेवटी. वाहनाच्या जाड केबलचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून बसवून घेतले. हे काम दाबयंत्र असलेल्या दुकानातच करून घ्या, पकडीने चेपलेला लग पुन्हा त्याच दुखण्यावर आणतो. ही केबल थेट बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सच्या बोल्टला. जुन्या पट्टीच्या जागीही नवी विणलेली पट्टी घातली. बॉडीवर जिथे ती बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पांढरा धातू काढला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी धातूला धातू आवळायचा, मग वरून व्हॅसलीन. प्लसच्या बाजूचे ०.५ व्होल्ट मेन फ्यूजच्या कनेक्टरमध्ये होते. तो काढला तर एक पात तपकिरी पडलेलं आणि प्लास्टिक पिवळं. पात घासून, कनेक्टरची पकड घट्ट केली. बॅटरीच्या खुंटावरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. सोड्याचं पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका, झाकणं घट्ट लावून मगच धुवा.

परत मोजलं. सेल्फ मारताना खुंट ते इंजिन ०.१५. सगळे दिवे लावून बॅटरीवर १४.० आणि सेल्फ पहिल्याच झटक्यात. बाबा आतून म्हणाले, "अगं, ही तर नवी असताना अशी सुरू व्हायची."

तुमचे आकडे माझ्यासारखे येतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन वाटा थोडक्यात. अल्टरनेटरवरच लोड टाकून १३.५ च्या खाली येत असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा बघा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर खाली जायला हवा. जास्त सैल असेल, पावसात सुरुवातीला किंचाळत असेल किंवा आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर तो घसरतोय. पट्टा ठीक असेल तर कार्बन किंवा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग). मीटर एसी व्होल्टवर लावून इंजिन चालू असताना बॅटरीवर ०.५ पेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलाय. काही स्वस्त मीटर डीसी असतानाही एसीवर भलताच आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद ठेवून एकदा मोजून घ्या, तेव्हा शून्य यायला हवं.

उलट बॅटरीवर १५ च्या वर व्होल्ट येत असतील तर त्याच दिवशी थांबा. पाणी पटापट कमी होतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हेडलाइटचे बल्ब एकामागून एक उडतात. तो रेग्युलेटरचा दोष आहे आणि अशी बॅटरी फुटूही शकते. गाडी चालू असताना 'अल्टरनेटर चालतो का बघू' म्हणून बॅटरीची वायर काढण्याची पद्धत अजून दिसते. कृपया करू नका, कुणाला करूही देऊ नका. बॅटरी निघताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला रेग्युलेटरही त्यात जळतो.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी केबल, पट्टी, कार्बन, रेग्युलेटर हे सगळं अजून सहज मिळतं, त्यामुळे भाग मिळणार नाही या भीतीने गाडी मोडीत काढायची गरज नाही.

महिन्याभराने दोन्ही बोल्ट परत आवळले, एक अर्धा आटा फिरला. सेल्फ मारताना आणि सगळे दिवे लावून घेतलेले चार आकडे तारखेसह कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत. बॉनेट उघडली की मी तेवढे चार पुन्हा मोजते. मागच्या गणपतीत कुंभार्ली घाट रात्रीच चढलो, पाऊस तसाच होता आणि वळणावर हेडलाइट पांढरे राहिले. क्लचची केबल अजून तीच आहे.